मालक मनीषनगरात, पेरणी करणारा वावरात: शेतीचं अनुदान नेमकं कोणाच्या खात्यात जातं?

नागपूर : पीएम किसानचा २१वा हप्ता १९ नोव्हेंबर २०२५ला जमा झाला. पंतप्रधानांनी कोइम्बतूरमध्ये बटण दाबलं आणि देशातल्या सुमारे ९ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात प्रत्येकी २,००० रुपये गेले. एकूण रक्कम सुमारे १८,००० कोटी. मेसेजची टिंगटिंग उमरेड, भिवापूर, कुहीच्या गावांत झाली, तशीच नागपूर शहरात वर्धा रोडला लागून असलेल्या मनीषनगरातही झाली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला शेतकऱ्याचा हप्ता कसा काय, असा प्रश्न गावात लगेच पडतो. उत्तर सोपं आहे : त्याच्या नावावर सातबारा आहे.

खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. त्याच सातबाऱ्यावरचं वावर जो माणूस ठेक्यानं किंवा बटईनं वाहतो, बियाणं टाकतो, फवारा मारतो, पाऊस झाला की रात्रभर जागतो, त्याच्या मोबाईलवर मेसेज का येत नाही? हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की कर्जमाफी, अतिवृष्टीची मदत, पीकविमा, हमीभाव यांवर दणक्यात चर्चा होते. या सगळ्या पैशाचा रस्ता कुठून जातो, यावर मात्र फार कमी बोललं जातं. तो रस्ता सातबाऱ्यावरून जातो. आणि सातबाऱ्यावर वावर वाहणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा नसतंच.

मनीषनगर का?

मनीषनगर हे इथं फक्त उदाहरण आहे. काटोल शहर, उमरेड शहर, हिंगणा रोडवरच्या वसाहती किंवा थेट पुणे घेतलं तरी चित्र फारसं बदलत नाही. पण मनीषनगरात ते लवकर दिसतं. रेल्वेलाइन ओलांडून पलीकडे गेलं की आज जिथं इमारती, दुकानं आणि लेआउट दिसतात, तिथं आणि पुढं बेसा, बेलतरोडी, घोगलीच्या शिवारात एका पिढीआधी वावरं होती. शहर वाढलं, वावराचे प्लॉट पडले.

ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यातल्या काहींनी मिळालेल्या पैशातून लांबच्या तालुक्यात पुन्हा जमीन घेतली. त्याला कारण होतं. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला घेणारा शेतकरीच असावा लागतो. एकदा सगळा सातबारा हातचा गेला की पुन्हा शेतकरी म्हणून उभं राहणं अवघड. शिवाय शहरालगतची शेती विकून दोन वर्षांच्या आत दुसरी शेती घेतली, तर अटी पूर्ण केल्यावर आयकरातही सवलत मिळते. दुसरा वर्ग आहे नोकरीसाठी, पोरांच्या शिक्षणासाठी गाव सोडून शहरात आलेल्यांचा. बापाचं तीन-चार एकर वावर गावात आहे, भाऊ वाहतो किंवा ठेक्यानं दिलं आहे.

या लोकांनी काही चोरी केली, असं समजायचं कारण नाही. जमीन त्यांची आहे, कागद त्यांचा आहे आणि नियमात बसत असतील तर हप्ताही त्यांचा आहे. गोची नियमाच्या बांधणीत आहे.

नियम काय म्हणतो?

पीएम किसान सन्मान निधी २४ फेब्रुवारी २०१९ला सुरू झाला. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्याच शेतकऱ्यांना तो होता. त्याच वर्षी लोकसभा निवडणुकीनंतर ही मर्यादा काढली गेली आणि जमीनधारक सर्व कुटुंबं योजनेत आली. राज्याने २०२३च्या अर्थसंकल्पात 'नमो शेतकरी महासन्मान निधी' जाहीर करून त्यात आणखी ६,००० जोडले. केंद्राच्या यादीत जो पात्र, तोच राज्याच्या यादीत पात्र. म्हणजे वर्षाला १२,००० रुपये.

कोणाला मिळत नाही, याचीही यादी आहे. आयकर भरणारे, मंत्री-आमदार-खासदार, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष, सरकारी नोकरीत असलेले किंवा निवृत्त (चतुर्थ श्रेणी सोडून), महिन्याला १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे, व्यवसाय करणारे नोंदणीकृत डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए. बिगरशेती वापरात गेलेली जमीनही चालत नाही. कागदावर शेत आणि जागेवर प्लॉट असेल, तर ती जमीन योजनेत बसत नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवरही लाभ नाही. वारसाने आली असेल तरच सूट.

म्हणजे मनीषनगरातला प्रत्येक सातबाराधारक पात्र नाही. निवृत्त शिक्षक नाही, बँक अधिकारी नाही, आयकर भरणारा दुकानदार नाही. पण खासगी ठिकाणी कमी पगारावर काम करणारा, छोटं दुकान चालवणारा, शिपाई म्हणून निवृत्त झालेला माणूस पात्र ठरू शकतो. अपात्र असून पैसे उचलले, त्यांच्याकडून वसुलीही झाली आहे; देशभरात अशी ४१६ कोटींची वसुली झाल्याचं केंद्र सरकारने २०२५मध्ये संसदेत सांगितलं. लाभार्थ्यांची संख्याही घटली. फेब्रुवारी २०२५च्या १९व्या हप्त्याला सुमारे ९.८ कोटी शेतकरी होते, नोव्हेंबरच्या २१व्या हप्त्याला सुमारे ९ कोटी. नवरा-बायको दोघांनी हप्ता घेणं आणि २०१९ नंतर घेतलेल्या जमिनी दाखवणं, अशा प्रकरणांची छाननी मधल्या काळात सुरू झाली.

ही सगळी चाळणी 'चुकीचा माणूस आत येऊ नये' यासाठी आहे. 'खरा वाहणारा बाहेर राहू नये' यासाठी एकही चाळणी नाही. वावर ठेक्यानं वाहणाऱ्याच्या नावावर स्वतःची जमीन नसेल, तर पीएम किसानच्या नियमात तो शेतकरीच नाही.

पाच एकराचा हिशेब

हे सगळं कागदावर पाहण्यापेक्षा एका वावराचा हिशेब मांडला की लवकर उमगतं. समजा, पाच एकर कोरडवाहू वावर आहे, म्हणजे साधारण दोन हेक्टर. मालक शहरात राहतो, नियमात बसतो. वावर गावातल्या माणसानं ठेक्यानं घेतलं. हिशेबापुरता ठेका एकरी १०,००० धरू. गावोगाव हा आकडा वेगळा असतो. ठेक्याचे ५०,००० बहुतेक वेळा पेरणीच्या आधीच मोजावे लागतात.

मालकाकडे काय येतं? ठेक्याचे ५०,००० आणि पीएम किसान-नमोचे १२,०००. इथपर्यंत वर्ष चांगलं गेलं असं धरलं आहे.

आता २०२५च्या खरिपासारखं वर्ष घ्या. पावसानं सोयाबीन सडलं, पऱ्हाटीची बोंडं काळी पडली. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५मध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००, तीन हेक्टरच्या मर्यादेत. पंचनाम्यात वावर बसलं तर दोन हेक्टरचे ३७,००० होतात. ते कोणाच्या खात्यात? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या.

या १८,५०० मध्ये हेक्टरी १०,००० रुपये रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर खर्चासाठी म्हणून धरलेले आहेत. म्हणजे सरकारने पैसे दिले पेरणीला, आणि ते गेले पेरणी न करणाऱ्याकडे. दोन हेक्टरचे असे २०,००० रुपये.

मालकाची बेरीज ९९,००० वर गेली. ठेकेवाल्याचे ठेक्याचे ५०,००० गेले. बियाणं, खत, औषध, निंदण, डवरणी, मजुरी सगळं वरून गेलं आणि हाती सडलेलं पीक आलं. सरकारी मदत म्हणून त्याचा कायद्यानं हक्क शून्य. चांगला मालक असेल तर तो स्वतःहून निम्मे पैसे देतो, काही जण पुढच्या वर्षीच्या ठेक्यात सूट देतात. पण ती माणुसकी झाली, हक्क नाही. मालकाचा मूड पाहून मिळणाऱ्या पैशावर कोणी रब्बीची तयारी करू शकत नाही.

असंच २०२३च्या कापूस-सोयाबीनच्या बाबतीत झालं. भाव पडले म्हणून राज्याने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असं अर्थसहाय्य २०२४मध्ये दिलं. २० गुंठ्यांच्या आत असलेल्यांना सरसकट १,०००. दोन्ही पिकांसाठी मिळून ४,१९४ कोटींची तरतूद होती. भाव पडल्याचा फटका बसला माल विकणाऱ्याला, पैसे गेले खातेदाराला. सामायिक खातं असेल तर सगळ्या भावांचं ना हरकत पत्र गोळा करण्यात पुन्हा महिने गेले.

खात्यातलं अनुदान आणि पोत्यातलं अनुदान

सगळीच सरकारी मदत अशी आडवळणानं जात नाही. इथं एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना. खरी किंमत यापेक्षा बरीच जास्त आहे. वरचा बोजा केंद्र सरकार उचलतं. हे अनुदान किमतीतच बसवलेलं आहे. कृषी केंद्रावर जो अंगठा लावून गोणी उचलतो, त्याला ते मिळतं, मग वावर कोणाचंही असो. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपाला राज्याने २०२४मध्ये वीज मोफत केली. मीटर मालकाच्या नावावर असलं तरी पाणी ओलणाऱ्याचं बिल वाचतं.

म्हणजे जे अनुदान पोत्यात किंवा तारेत येतं, ते वावर वाहणाऱ्यापर्यंत पोचतं. जे अनुदान बँक खात्यात येतं, ते सातबाऱ्यापाशी थांबतं. गेल्या सहा-सात वर्षांत सरकारचा सगळा जोर खात्यात थेट पैसे टाकण्यावर आहे. मधले दलाल गेले, हे खरंच. कोणाची चिरीमिरी न देता पैसे येतात, हेही खरं. पण थेट म्हणजे कोणाला थेट, हा प्रश्न त्यामुळे आणखी टोकदार झाला. ठेक्यानं वाहणाऱ्याच्या वाट्याची मदत जितकी 'थेट' झाली, तितकी ती त्याच्यापासून लांब गेली.

हमीभावाचंही तेच. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे, मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११०. बाजारात भाव खाली असला की सरकारी खरेदीचा आधार लागतो. पण नोंदणीला सातबारा लागतो, त्यावर पिकाची नोंद लागते आणि चुकारा आधारशी जोडलेल्या खात्यात जातो. सीसीआयने यंदा 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सक्तीची केली. ठेकेवाल्यानं मालकाच्या नावावर नोंदणी केली, तर माल त्याचा आणि चुकारा मालकाच्या खात्यात. मालक सोबतीला आला नाही, तर तोच कापूस खेडा खरेदीत मिळेल त्या भावानं द्यावा लागतो.

शेतकरी ओळख क्रमांक आल्यावर

१५ एप्रिल २०२५पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, बंधनकारक झाला. हा क्रमांक सातबाऱ्यावरच्या खातेदाराला मिळतो. आधार, सातबारा आणि बँक खातं एका धाग्यात ओवलं जातं. बोगस लाभार्थी पकडायला हे चांगलं हत्यार आहे, यात वाद नाही.

पण ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही आणि जो दरसाल दहा एकर ठेक्यानं वाहतो, त्याला हा क्रमांक मिळत नाही. आधी निदान तलाठ्याला, कृषी सहायकाला, सरपंचाला माहीत असायचं की हे वावर अमका वाहतो. पंचनाम्याच्या वेळी तोंडी तरी ते सांगता यायचं. आता संगणक विचारतो ते फक्त क्रमांक.

महसूल खात्याच्या जुन्या चोपडीत याची सोय होती, हे अनेकांना माहीत नसेल. गावाच्या दप्तरात एकवीस गाव नमुने असतात. त्यातला सात-ब हा नमुना खास अशा जमिनींसाठी आहे, ज्या अधिकार अभिलेखातल्या माणसाऐवजी दुसऱ्याच्या ताब्यात आहेत. म्हणजे मालक एक आणि वाहणारा दुसरा असू शकतो, हे जुन्या व्यवस्थेला मान्य होतं. योजना मात्र सात-ब वर चालत नाहीत.

मालक कागद का करून देत नाही?

ठेका लिहून का घेत नाही, असं शहरातला माणूस सहज विचारतो. गावात याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे : कूळ लागण्याची भीती.

विदर्भासाठी कूळवहिवाटीचा स्वतंत्र कायदा १९५८ साली झाला. कसेल त्याची जमीन, हा त्यामागचा विचार. त्या काळात तो गरजेचा होता आणि त्यातून अनेक कुळांना जमिनी मिळाल्या. पण त्याच कायद्याच्या आठवणीनं आजचा तीन एकरवाला मालकही ठेकेवाल्याचं नाव कुठल्याच सरकारी कागदावर येऊ देत नाही. दोन वर्षं एकाला, तिसऱ्या वर्षी दुसऱ्याला, अशी वावराची अदलाबदल होते ती यामुळेच. ज्या कायद्यानं कसणाऱ्याला मालक केलं, त्याच कायद्याच्या धाकानं आजचा कसणारा अदृश्य झाला.

सरकारची अडचणही खोटी नाही. २०२३च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा दिला आणि अर्जांची संख्या १.७० कोटींवर गेली. त्यात दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनीवर विमा काढल्याचे प्रकार उघड झाले. भाडेकराराच्या नावाखाली खोटे अर्ज आले. मग नोंदणीकृत भाडेकरार सक्तीचा झाला आणि २०२५च्या खरिपापासून एक रुपयाची योजनाच बंद झाली. आता खरिपातल्या अन्नधान्य व गळीत पिकांना २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. भरपाईही आता पीक कापणी प्रयोगातून आलेल्या उत्पादनावरच ठरते. खोटे अर्ज करणारे सुटून गेले. कागद जमवता न येणारा खरा ठेकेवाला मात्र विम्याच्या बाहेर पडला.

देशात असे किती शेतकरी आहेत? केंद्राच्या २०१९च्या नमुना पाहणीत सुमारे १७ टक्के वहिती खात्यांमध्ये दुसऱ्याची जमीन काही प्रमाणात किंवा पूर्णपणे घेतलेली आढळली. तोंडी ठेके लोक सरकारी माणसापुढे सहसा सांगत नाहीत, हे लक्षात घेतलं तर खरा आकडा यापेक्षा खाली असण्याची शक्यता कमीच.

कर्जमाफीचाही रस्ता तोच

२८ ऑक्टोबर २०२५ला बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन नागपुरात आले आणि वर्धा रोडकडचा महामार्ग अडला. मनीषनगर तिथून फार लांब नाही. ३० ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी बैठक झाली आणि कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६पर्यंत घेण्याचं आश्वासन मिळालं. त्यासाठी प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

आता या कर्जमाफीचा रस्ताही पाहा. २०१७च्या योजनेत दीड लाखापर्यंत, २०१९च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंत कर्ज माफ झालं. दोन्ही वेळा माफी बँकेच्या आणि सहकारी संस्थेच्या पीककर्जाला होती. पीककर्ज मिळतं सातबाऱ्यावर. ठेकेवाल्याचं कर्ज असतं ते सावकाराचं, कृषी केंद्राच्या उधारीचं, बचत गटाचं किंवा मायक्रो फायनान्सचं. ट्रॅक्टरच्या रांगेत तो पुढं असला तरी माफीच्या यादीत त्याचं नाव कुठंच नसतं. नियमित फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याजाची सवलत आहे, तीही बँकेच्याच पीककर्जाला.

सगळ्यात जड गोष्ट पुढं आहे. शेतकरी आत्महत्येची नोंद करताना राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःची जमीन वाहणाऱ्याबरोबर दुसऱ्याची जमीन ठेक्यानं वाहणाऱ्यालाही शेतकरी म्हणून मोजतो. पण राज्याची एक लाखाची मदत ठरवताना कुटुंबाच्या नावावर जमीन आहे का, बँकेचं कर्ज थकलं आहे का, हे तपासलं जातं. मेल्यावर सरकारच्या आकडेवारीत तो शेतकरी होतो. जिवंतपणी हप्त्याच्या यादीत होत नाही, आणि मागं राहिलेल्या बायको-पोरांनाही तो शेतकरी होता हे सिद्ध करता येत नाही.

दुसऱ्या राज्यांनी काय केलं?

शेजारच्या तेलंगणाने २०१८मध्ये रयतू बंधू आणली. एका हंगामाला एकरी ४,०००, जमिनीची मर्यादा नाही. पैसे मालकाला, ठेकेवाला बाहेर. मोठ्या जमीनदारांनाही लाखोंनी पैसे गेले, म्हणून टीका झाली. सातबाऱ्यामागं धावण्याचं हे टोक.

आंध्र प्रदेशाने दुसरी वाट धरली. २०१९मध्ये पीक लागवडदारांच्या हक्काचा कायदा केला. मालक आणि वाहणारा यांनी ११ महिन्यांच्या करारावर सही करायची. त्यावर कार्ड मिळतं. या कार्डानं जमिनीच्या मालकीवर कसलाच हक्क येत नाही, हे कायद्यातच लिहिलं. कार्डावर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई मागता येते. मालकाची सही लागते म्हणून तिथंही बरेच जण कार्डाविना राहिले, पण कूळ लागण्याची भीती कायद्यानंच काढली, हे पाऊल महत्त्वाचं. ओडिशाने २०१९च्या कालिया योजनेत बटईदार आणि भूमिहीन कुटुंबांना धरलं. नीती आयोगाने २०१६मध्येच जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांना पाठवला होता : मालकाची मालकी सुरक्षित, वाहणाऱ्याला कर्ज-विमा-मदत.

महाराष्ट्रात नवीन काही शोधून काढायची गरज नाही. फार्मर आयडीला 'वाहणारा' असा एक हंगामी रकाना जोडला, मालकाच्या ओटीपीवर तो ११ महिन्यांसाठी उघडला आणि मुदत संपताच आपोआप बंद झाला, तर मालकाचीही भीती जाते आणि बोगस अर्जही पकडता येतात. हप्ता मालकाकडे राहू द्या. पण नुकसानभरपाई, विमा आणि हमीभावाचा चुकारा ज्याचं पीक त्याला, एवढं तरी वेगळं करता येईल.

एक इशारा मात्र द्यायला हवा. मदत ठेकेवाल्याकडे वळली तर मालक ठेका वाढवेल, असं गावात बोललं जातं. काही प्रमाणात ते होईलही. म्हणूनच हप्त्यासारखी ठरावीक रक्कम आणि नुकसानभरपाई यांत फरक ठेवावा लागेल. नुकसान कधी होईल हे आधी माहीत नसतं, त्यामुळे ते ठेक्यात सहज धरता येत नाही.

तोवर गावात काय करता येईल?

पाडव्याच्या सुमारास पुढच्या हंगामाचे ठेके ठरायला लागतात. कायदा बदलायची वाट पाहण्यापेक्षा तेव्हाच चार गोष्टी बोलून घेतलेल्या बऱ्या.

पहिली, अतिवृष्टी किंवा दुष्काळाची मदत आली तर ती कोणाची, किती वाटा कोणाचा, हे दोन साक्षीदारांसमोर साध्या चिठ्ठीवर तरी लिहून ठेवावं. कोर्टात ती किती टिकेल हा भाग वेगळा. भांडणाच्या वेळी बोललेला शब्द कागदावर असला की अर्धं भांडण तिथंच मिटतं.

दुसरी, ई-पीक पाहणी. पिकाची नोंद मुदतीत झाली नाही तर मालकालाही काही मिळत नाही आणि ठेकेवाल्यालाही नाही. मालक शहरात असेल तर ओटीपी कोण देणार, फोटो कोण काढणार, हे पेरणीच्या आठवड्यातच ठरवावं.

तिसरी, विमा. मालक तयार असेल तर नोंदणीकृत भाडेकरार करून ठेकेवाला स्वतःच्या नावावर विमा काढू शकतो. तयार नसेल तर मालकाच्या नावावर काढून हप्ता कोणी भरला त्याची पावती जपून ठेवावी.

चौथी, कर्ज. नाबार्डच्या संयुक्त देयता गट योजनेत चार ते दहा ठेकेदार-बटईदार मिळून गट करून बँकेकडे जाऊ शकतात. सातबारा नसताना कर्ज मिळण्याचा हा अधिकृत मार्ग आहे. शाखेत लगेच होकार मिळेलच असं नाही, पण अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

मनीषनगरातल्या मालकांसाठीही एक गोष्ट. ज्या वर्षी वावर पाण्याखाली गेलं, त्या वर्षीची हेक्टरी मदत पिकासाठी आलेली असते, जमिनीसाठी नाही. कागद काहीही म्हणो, पेरलं कोणी हे मालकाला आणि गावाला दोघांनाही माहीत असतं.

कर्जमाफीच्या समितीपुढे आणि अधिवेशनात आता निकषांची चर्चा होईल : किती हेक्टर, किती लाख, कोणत्या तारखेपर्यंतची थकबाकी. नागपूर जिल्ह्यातल्या आमदारांनी त्यात एक प्रश्न जरूर विचारावा. प्रत्येक गावात ठेक्यानं आणि बटईनं वाहिली जाणारी जमीन किती, आणि ती वाहणारे कोण, याची एक साधी यादी ग्रामसभेत वाचून तयार करता येईल का? ती यादी होत नाही, तोवर ३० जूननंतर जे काही जाहीर होईल, तेही सातबाऱ्याच्याच खात्यात जमा होईल.